तापांतील आंकडी व मुलांचें लसीकरण

गाईबैलांना पावसाळ्यापूर्वीं घटसर्पाची व फऱ्याची लस टोंचून घेण्याविषयीं आमच्या शेतकरी बंधूंस आतां फारसें सांगावें लागत नाहीं. लस टोंचल्यावर एखाद्या गाईस दोन दिवस कणकण येते, ती वैरण कमी खाते, दुभती असल्यास दूधहि थोडें कमी देते. परंतु तेवढ्यासाठीं पुढील वर्षीं लस नको असें शहाणा शेतकरी म्हणत नाहीं. फऱ्यानें उभें जनावर पाहतां पाहतां आडवें झालेलें त्यानें पाहिलेलें असतें. हाच हिशोब पोटच्या मुलाच्या बाबतींत करण्याची वेळ आली म्हणजे मात्र मन कच्चें होतें, व तें साहजिकच आहे. टोंचल्या दिवशीं रात्रीं मुलास ताप चढावा, डोळे फिरावेत, हातपाय ताठ व्हावेत आणि मूल हातचें गेलें असें घरांतील माणसांस वाटावें, असा प्रसंग ज्या घरावर येतो तेथील वडील मंडळी पुढचा डोस घेऊं देण्यास सहसा तयार होत नाहींत. ती हकीकत गांवांत पसरली म्हणजे शेजारच्या चार घरांतील मुलेंहि लसीवांचून राहतात. म्हणून या प्रकारांत खरें किती व गैरसमज किती, आणि अशा वेळीं काय करावें व काय करूं नये, याचा विचार येथें करावयाचा आहे.

आंकडी म्हणजे काय?

लहान मुलाचा मेंदू वाढीच्या अवस्थेंत असतो. अंगांत ताप भरला असतां कांहीं मुलांच्या मेंदूंतील पेशी एकदम व बेशिस्तपणें संदेश सोडूं लागतात. त्यामुळें मूल बेशुद्ध होतें, त्याचें सर्वांग ताठतें, हातपाय आंचके देऊं लागतात आणि कित्येकदां तोंडास फेंस येतो. हीच तापांतील आंकडी. वयाच्या सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंतच्या मुलांत ती येते, आणि एक ते दीड वर्षाच्या सुमारास तिचें प्रमाण सर्वांत अधिक असतें. युरोप व अमेरिकेंत शंभर मुलांपैकीं दोन ते पांच मुलांस ती केव्हांना केव्हां येऊन जाते. जपानांत हें प्रमाण याहून अधिक आहे. ज्यांच्या आईबापांस किंवा भावंडांस लहानपणीं अशी आंकडी आली होती, त्या मुलांत ती अधिक आढळते. म्हणजे हा गुण कांहीं अंशीं कुळांतून येतो.

दिसावयास हा प्रकार अत्यंत भयंकर असला तरी बहुधा दोनचार मिनिटांत तो आपोआप थांबतो. नंतर मूल थोडा वेळ झोंपतें व जागें झाल्यावर पूर्ववत् होतें. आंचके सर्वांगास येऊन पंधरा मिनिटांच्या आंत थांबले व चोवीस तासांत पुन्हां आले नाहींत, तर तिला साधी आंकडी म्हणतात. साध्या आंकडीनें मेंदूस इजा होत नाहीं व बुद्धीहि मंद होत नाहीं. एकदां आंकडी आलेल्या मुलांपैकीं सुमारें तिसऱ्या हिश्शास पुढें एखाद्या तापांत ती पुन्हां येते; पांच-सहा वर्षांचें झाल्यावर मूल बहुधा त्यांतून मोकळें होतें. साध्या आंकडीनंतर कायमचें फेफरें जडण्याचें प्रमाण शंभरांत एकदोन इतकेंच आहे, आणि आंकडी कधींच न आलेल्या मुलांहून तें फार अधिक नाहीं.

ही आंकडी कोणत्याहि तापानें येऊं शकते. सर्दी-पडसें, कानाचें दुखणें, घशाची सूज, हिंवताप, गोंवर, यांपैकीं कशानेंहि अंग तापलें कीं ती येण्याचा संभव असतो. लसीनेंहि कांहीं मुलांस ताप येतो, आणि म्हणून लसीनंतरहि क्वचित् आंकडी येते. येथें लसीचा दोष मुळींच नाहीं असें सांगणें खरेपणाचें होणार नाहीं. प्रश्न आहे तो तो दोष केवढा, व त्यापासून कायमचें नुकसान होतें कीं नाहीं, याचा.

लसीचा वांटा किती?

आपल्या सरकारी दवाखान्यांतून बालकांस सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत जी पंचगुणी लस देतात, तींत घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील लशींचा समावेश असतो. पुढें सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान व पांच ते सहा वर्षांच्या वयांत याच तीन रोगांवरील त्रिगुणी लसीचा वर्धक डोस देतात. तींतील डांग्या खोकल्याचा भाग अख्ख्या मारलेल्या जंतूंचा असतो. त्यामुळें टोंचल्यानंतर एकदोन दिवसांत ताप येतो व मांडी दुखते. नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान व पुन्हां सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान देण्याची गोंवर-रुबेलाची लस निराळ्या जातीची आहे. तींत दुर्बळ केलेले जिवंत विषाणू असतात. ते शरीरांत थोडे वाढतात, आणि म्हणून तिचा ताप लगेच न येतां साधारण सातव्या ते बाराव्या दिवशीं येतो. त्या वेळपर्यंत लस टोंचल्याची गोष्ट घरांत बहुधा विसरलेली असते.

अमेरिकेंत सुमारें ६,८०,००० मुलांच्या नोंदी तपासून २००१ सालीं एक हिशोब प्रसिद्ध झाला. त्या नोंदी ज्या काळच्या होत्या, त्या काळीं तेथेंहि अख्ख्या जंतूंची त्रिगुणी लस देत असत. तीं टोंचलेल्या दर लाख मुलांमागें त्या दिवशीं ६ ते ९ मुलांस तापांतील आंकडी जास्तीची आली. गोंवर, गालगुंड व रुबेला यांच्या एकत्रित लसीनंतर आठव्या ते चौदाव्या दिवसांत ही संख्या दर लाखास २५ ते ३४ इतकी भरली. उलट, लसीचा कांहींएक संबंध नसतां, निरनिराळ्या तापांनीं बालपणीं आंकडी येणारीं मुलें वर सांगितल्याप्रमाणें लाखांत २,००० ते ५,००० असतात. या दोन संख्या शेजारीं शेजारीं मांडून पाहाव्या, म्हणजे लसीचा वांटा किती लहान आहे हें कळून येईल. शिवाय, लसीनंतर आंकडी आलेल्या मुलांची पुढील वाटचाल पाहिली असतां, इतर तापांनीं आंकडी आलेल्या मुलांहून त्यांच्यांत फेफरें किंवा बुद्धीची वाढ खुंटणें अधिक आढळलें नाहीं. डेन्मार्क देशांत ५,३७,००० मुलांची अशीच पाहणी होऊन तिचे निष्कर्ष २००४ सालीं प्रसिद्ध झाले. तेथें गोंवराच्या एकत्रित लसीनंतरच्या दोन आठवड्यांत आंकडीचें प्रमाण हजारीं एकदोन मुलांनीं वाढलेलें दिसलें. परंतु लस घेतलेल्या मुलांत फेफऱ्याचें प्रमाण वाढलेलें दिसलें नाहीं.

इंग्लंड व जपान यांचा अनुभव

ही भीति केवळ आमच्या खेड्यांतच आहे असें कोणी समजूं नये. जीं राष्ट्रें विद्येंत व संपत्तींत पुढारलेलीं, तींहि या भीतीपायीं एकदां मोठ्या संकटांत सांपडलीं होतीं.

१९७४ सालीं लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील बालरुग्णालयांतील डॉ. जॉन विल्सन व त्यांचे सहकारी यांनीं छत्तीस मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. डांग्या खोकल्याची लस टोंचल्यानंतर या मुलांस आंकड्या व मेंदूचे विकार जडले, असें तींत म्हटलें होतें. ही बातमी वर्तमानपत्रांतून व दूरचित्रवाणीवरून घरोघर पोंचली. ज्या देशांत शंभरांपैकीं सुमारें ऐशीं मुलांस ही लस मिळत होती, तेथें थोड्याच वर्षांत हें प्रमाण तीसच्या आसपास आलें. त्याचें फळ लगेच दिसलें. १९७७ ते १९७९ या काळांत डांग्या खोकल्याची मोठी सांथ येऊन एक लाखावर रोगी नोंदले गेले, आणि पुढें पुन्हां दुसरी सांथ आली. जपानांत १९७५ च्या सुमारास दोन बालकांच्या मृत्यूनंतर ही लस कांहीं काळ थांबविली गेली, व ती पुन्हां सुरू झाल्यावरहि लोकांनीं तिच्याकडे पाठ फिरविली. १९७९ सालीं त्या देशांत डांग्या खोकल्याचे सुमारें १३,००० रोगी झाले व ४१ जण दगावले. हा रोग तान्ह्या मुलास झाला म्हणजे त्याचा श्वास कोंडतो, मूल काळेंनिळें पडतें, त्याला झटके येतात व मेंदूस कायमची इजाहि होऊं शकते. म्हणजे ज्या आपत्तीच्या भीतीनें लस टाळली, तीच आपत्ति रोगानें अधिक मोठ्या प्रमाणांत घरांत आणली.

इंग्लंडांत हा प्रश्न पुढें न्यायालयांतहि गेला. १९८८ सालीं न्यायमूर्ति स्टुअर्ट-स्मिथ यांनीं पुष्कळ तज्ज्ञांच्या साक्षी घेऊन असा निकाल दिला कीं, डांग्या खोकल्याच्या लसीनें लहान मुलांच्या मेंदूस कायमची इजा होऊं शकते, हें सिद्ध झालेलें नाहीं. तरीहि एक प्रश्न उरलाच होता. लस टोंचल्या दिवसापासून ज्या मुलांची प्रकृति खरोखरच कायमची बिघडली, त्यांना झालें तरी काय? त्यांच्या आयांनीं डोळ्यांनीं पाहिलेली गोष्ट खोटी म्हणावयाची काय?

बियाण्यांतील दोष

याचा उलगडा २००६ सालीं झाला. ऑस्ट्रेलियांतील डॉ. सॅम्युएल बर्कोव्हिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, ज्यांचा मेंदूविकार लसीमुळें झाला असें मानलें जात होतें अशा चौदा रोग्यांचें रक्त तपासलें. त्यांपैकीं अकरा जणांच्या पेशींतील एका विशिष्ट जनुकांत दोष सांपडला. मज्जापेशींतून सोडियमचें येणेंजाणें ज्या मार्गानें चालतें, तो मार्ग या जनुकाच्या आज्ञेनें घडतो. तो बिघडला म्हणजे ड्रावे नांवाचा फेफऱ्याचा कठीण विकार जडतो, फ्रान्समधील डॉ. शार्लोट ड्रावे यांनीं त्याचें वर्णन १९७८ सालींच केलें होतें. या विकारांत पहिली आंकडी बहुधा वयाच्या पहिल्या वर्षांत, पुष्कळदां तापांत येते व ती लांबते. लसीचे डोसहि नेमके त्याच वयांत असतात. बहुतेकांच्या बाबतींत हा दोष आईबापांच्या अंगीं नसून मुलांत नव्यानेंच उद्भवलेला असतो; म्हणून घराण्यांत पूर्वीं असें कोणास झालें नव्हतें, या बोलण्यानें कांहींच सिद्ध होत नाहीं.

शेतकऱ्यास हें समजावयास अवघड जाऊं नये. बियाण्यांतच दोष असला तर तो पोत्यांत दिसत नाहीं. पहिला पाऊस पडून उगवण झाली म्हणजे दिसतो. दोष उघडा पडला तो पावसानंतर, हें खरें. पण तो पावसानें उत्पन्न केला असें कोणी म्हणत नाहीं, व पाऊस पडला नसता तर पीक चांगलें आलें असतें असेंहि कोणी म्हणत नाहीं. लसीच्या तापानें अशा मुलाची पहिली आंकडी कांहीं आठवडे आधीं येऊं शकते. परंतु तिच्यामुळें पुढील विकार अधिक वाईट होतो असें २०१० सालच्या पाहणींत आढळलें नाहीं. आईनें पाहिलें तें खोटें नव्हतें. त्यावरून काढलेलें अनुमान मात्र चुकीचें होतें. ज्या घरीं असें मूल आहे त्या घरास यामुळें दुःखांतून सुटका मिळत नाहीं हें खरें, पण आपणच मुलास टोंचावयास नेऊन त्याचें वाटोळें केलें, हा जो डंख आईच्या मनास आयुष्यभर लागून राहतो, तो तरी निघावा.

आंकडी आल्यास काय करावें?

आमच्याकडे आंकडी आलेल्या मुलास कांदा फोडून हुंगवितात, चप्पल नाकास लावतात, दांतखीळ सोडविण्यासाठीं तोंडांत चमचा घालतात, आणि कोठें कोठें डागहि देतात. कांदा व चप्पल यांनीं कांहीं साधत नाहीं. आंकडी आपली आपणच थांबते व श्रेय त्यांना मिळतें. पण त्यांत वेळ जातो. चमच्यानें दांत मोडतात व श्वास अडकतो. डाग देणें हें तर निखालस क्रूर व घातक आहे. त्याऐवजीं पुढील गोष्टी कराव्या.

१. मुलास सपाट जागेवर एका कुशीवर निजवावें, म्हणजे लाळ किंवा ओकारी श्वासनलिकेंत जाणार नाहीं. चूल, विहीर, जिना यांपासून दूर ठेवावें.

२. गळ्याचे कपडे व ताईत सैल करावे. हातपाय दाबून धरूं नयेत. तोंडांत बोट, चमचा, पाणी किंवा औषध, कांहींहि घालूं नये.

३. घड्याळ पाहावें. घाबरलेल्या माणसास एक मिनिट दहा मिनिटांएवढें वाटतें. आंकडी किती वेळ चालली हें डॉक्टरास नेमकें सांगतां आलें पाहिजे.

४. पांच मिनिटांत आंकडी न थांबल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, किंवा हातीं असेल त्या वाहनानें दवाखाना गांठावा.

५. आंकडी थांबली तरी त्याच दिवशीं मुलास डॉक्टरास दाखवावें. मूल सहा महिन्यांच्या आंतील असेल, मान ताठलेली असेल, अंगावर पुरळ असेल, आंकडी पुन्हां आली असेल, एकाच बाजूस आंचके आले असतील किंवा मूल नीट शुद्धीवर येत नसेल, तर क्षणाचाहि विलंब लावूं नये. मेंदूच्या आवरणाच्या दाहांतहि ताप व आंकडी हींच लक्षणें असतात.

तापासाठीं पॅरासिटामॉल मुलाच्या वजनाप्रमाणें, आरोग्यसेविका किंवा डॉक्टर सांगतील त्या मापानेंच द्यावें. त्यानें मुलास आराम पडतो; मात्र त्यानें आंकडी हटकून टळते असें नाहीं, म्हणून ती आलीच तर औषध देण्यांत आपली कसूर झाली असें आईनें मानूं नये. अंगावर पांघरुणांचा ढीग घालूं नये. अंगावरचें दूध व पाणी चालू ठेवावें. अस्पिरिन मुलांस देऊं नये.

पुढचा डोस घ्यावा काय?

साधी आंकडी येऊन गेली असेल तर पुढचा डोस टाळण्याचें कारण नाहीं. आरोग्यसेविकेस आधीं सर्व हकीकत सांगावी, डॉक्टराचा सल्ला घ्यावा, डोस घेतल्यावर केंद्रावर अर्धा तास थांबावें, व पुढील दोन दिवस मुलावर लक्ष ठेवावें. गोंवराच्या लसीनंतर दुसऱ्या आठवड्यांतहि असेंच लक्ष असावें. मात्र डोसानंतर मूल फार वेळ बेशुद्ध राहिलें असेल, आंकड्या वारंवार आल्या असतील, किंवा मेंदूचा एखादा विकार वाढत चालला असेल, तर डांग्या खोकल्याचा भाग द्यावा कीं नाहीं हें बालरोगतज्ज्ञानें ठरवावयाचें आहे. तें घरांत ठरवूं नये, व आरोग्यसेविकेवरहि लोटूं नये. लसीनंतर घडलेला प्रत्येक गंभीर प्रकार आरोग्य केंद्रास कळविलाच पाहिजे. त्याची चौकशी करण्याची व्यवस्था आहे, आणि झांकून ठेवलेल्या गोष्टींतूनच अफवा वाढतात. खासगी दवाखान्यांत डांग्या खोकल्याची निराळी लस मिळते. तिनें ताप कमी येतो. पण तिचें संरक्षण लवकर ओसरतें व तिला पैसे पडतात, हेंहि जाणून असावें.

भीतीनें डोस लांबविण्यांत आणखी एक तोटा आहे. सहा, दहा व चौदा आठवड्यांच्या वयांत तापांतील आंकडी सहसा येतच नाहीं. ती येण्याचें वय पुढेंच सुरू होतें. अमेरिकेंतील पाहणींत असें दिसलें कीं, गोंवराचा पहिला डोस पंधरा महिन्यांच्या पुढें लांबविलेल्या मुलांत लसीनंतरच्या आंकडीचा धोका वेळेवर डोस घेतलेल्यांहून अधिक होता. म्हणजे आंकडी टाळण्याच्या हेतूनें उशीर करणारा माणूस मुलास तिच्याच तोंडीं देतो. आणि रोग तर कोणासाठीं थांबत नाहीं. गोंवर झालेल्या दर हजार मुलांपैकीं सुमारें एकाच्या मेंदूस दाह होतो. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी व मालेगांव येथें गोंवराची सांथ पसरून लहान मुलें दगावलीं, ही गोष्ट फार जुनी नाहीं.

शेवटीं आमच्या बागाईतदार बंधूंस एक विनंति. आपल्या मुलांची कार्डें तर तपासावींच. पण आपल्या शेतांत ऊस तोडावयास जीं कुटुंबें पांच-सहा महिने कोपींत येऊन राहतात, त्यांच्या मुलांचे डोस गांव सोडल्यामुळें हुकतात, याकडेहि लक्ष द्यावें. कोणत्याहि गांवच्या मुलास कोणत्याहि सरकारी केंद्रावर ही लस विनामूल्य मिळते. तोड सुरू झाली कीं कोपींतील लहान मुलांची संख्या आरोग्यसेविकेस किंवा आशा कार्यकर्तीस कळवावी, लसीकरणाच्या दिवशीं आईस अर्ध्या दिवसाची मोकळीक द्यावी, व तिची मजुरी कापूं नये. एवढें केल्यानें आपल्या फडाचें फारसें नुकसान होणार नाहीं, आणि त्या मुलांबरोबर आपल्या घरच्या तान्ह्या मुलांचेंहि रक्षण होईल.